बाबा, निसणी आणि दिवाळीच्या माळा: परभणीत कुणाला बोलवावं?

परभणीची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आईबाबा परभणीला, मी पुण्यात. बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त मास्तर. घर खाली-वर मिळून दोन मजली, त्यावर गच्ची. पुढं लोखंडी फाटक आणि जाळी, मागच्या बोळातून विजेच्या तारा. दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाबा माळ्यावरून लाइटच्या माळांचं खोकं काढतात, अर्धा दिवस गुंता सोडवतात आणि मग निसणी लावून स्वतः वर चढतात. (पुण्यात निसणी म्हटलं की लोक तोंडाकडं बघतात. शिडी हो, शिडी.) गेल्या वर्षी निसणी पुरेना म्हणून टेबलावर स्टूल ठेवलं. स्टूल सरकलं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मला हे भाऊबीजेला कळलं. तोवर रोज फोनवर "बाबा जरा बाहेर गेलेत" असंच चाललं होतं.

यंदा परत तेच म्हणायलेत, "दोन तासांच्या कामाला माणूस कशाला?" मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीच पोचणार. तर माणूस लावायचाच असं मी ठरवलंय. कुणाला बोलवायचं, वायरमनला की मंडपवाल्याला? पैसे कसे ठरवायचे? आणि माझ्या मागं आईनं नेमकं काय बघून घ्यायचं? खोक्यातल्या माळा आठ-दहा वर्षांच्या आहेत, त्या वापराव्यात का हेही सांगा.

माळवद

ताई, वडिलांना लवकर आराम पडो, म्हणजे पडलाच असेल. पण एक बोलू का? आमचं बीडकडचं खेडं. माळवदाचं घर, ढाळजेत दोन्ही बाजूंना देवळ्या, त्यात पणत्या. पोरं लव्हाळ्याची दिवटी करून गुरं ओवाळायची, अंगणात शेणाच्या गवळणी. झाली दिवाळी. आता गावात शिरलं की एकेक घर ढाब्यासारखं निळं-हिरवं लुकलुकतंय. कोण चढा, कोण पडा! वट्ट्यावर पणत्या लावा, कुणाला बोलवायचं कामच नाही.

शंकेखोर

माळवद दादा, पणतीनं पडदे पेटलेली घरं मी दोन बघितलीत, त्यामुळं पणती म्हणजे निर्धोक हे काही पटलं नाही. असो.

माझी शंका वेगळीच. एलईडी चालतो ३ व्होल्टवर. मोबाइलचं चार्जर ५ व्होल्टचं. मग या माळांचा एवढा बाऊ कशाला? पडण्याचं समजू शकतो, पण शॉक?

वायरमन_नांदेड

शंकेखोर साहेब, ही शंका पुष्कळांना असती. म्हणून तर माणसं माळ चालू ठेवून तिला खिळ्यात अडकवतात.

एक एलईडी ३ व्होल्टचा, बरोबर. पण बाजारातल्या स्वस्त माळेत ट्रान्सफॉर्मर नसतोच. पांढरे-निळे ७५-८० एलईडी एकामागं एक ओवलेले असतात. ७५ ला ३ नं गुणा, २२५ होतात. म्हणजे अख्खी माळ मिळून २३० व्होल्ट खाती. पहिल्या एलईडीच्या पायाला तुमचं बोट लागलं तर त्या बोटाला ३ नाही, पूर्ण २३० लागतात. जुन्या बारीक बल्बच्या माळेचंही हेच गणित होतं, ६ व्होल्टचे ४० बल्ब. म्हणून एक बल्ब निघाला की सगळी माळ झोपायची, आणि आपण त्या उघड्या होल्डरात बोट घालून चाचपायचो. वाचलो ते नशिबानं. आणि ती मधली हिरवी डबी, जिचं बटण दाबलं की माळ वेगवेगळी लुकलुकती, ती नुसती चालू-बंद करती, व्होल्टेज उतरवत नाही.

मोबाइलच्या चार्जरसारखा जाडजूड अडॅप्टर ज्या माळेला असतो, त्यावर १२ किंवा २४ व्होल्ट लिहिलेलं असतं, ती माळ निराळी. फाटक, जाळी, रेलिंग, जिथं लोखंडाला माळ टेकणार तिथं तीच घ्यावी. दोन पैसे जास्त जातात.

आता ताईंसाठी.

आठ-दहा वर्षांच्या माळा फेका. मन घट्ट करा आणि फेका. वायरचं प्लॅस्टिक उन्हानं कडक होतं, मराठवाड्याचं ऊन तर सांगायलाच नको. माळ्यावर उंदीर कुरतडतात ते वेगळंच. वाकवल्यावर वायरला चीर दिसली की ती माळ मेली समजायचं, काळी टेप लावून जिवंत करायची नाही. नवीन घेताना खोक्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि त्याखाली 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो तो बघा. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की खरा का खोटा ते कळतं. माळ पाणी-धूळ किती अडवती ते आयपीच्या आकड्यानं कळतं. बाहेर टांगायच्या माळेवर आयपी ४४ तरी पाहिजे, म्हणजे चारी बाजूंनी शिंतोडे आले तरी चालतं. गच्चीवर उघड्यावर आयपी ६५. आयपी २० लिहिलेली माळ देवघरापुरती. परतीचा पाऊस आपल्याकडं ऑक्टोबरात कधी पलटी मारील नेम नाही, म्हणून हे म्हणायलो. माळ चांगली असली तरी दोन माळांचा जोड आणि पिन पावसात भिजतेच. जोड कधीच खाली लोंबता ठेवू नका, गच्चीच्या फरशीवर तर नाहीच. उंचावर, आडोशाला, आणि वायरला जोडाच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, जोडात शिरत नाही.

आणि लोडचं टेन्शन घेऊ नका. एक माळ ८ वॅटची धरा. बारा माळा म्हणजे ९६ वॅट, रोज सहा तास लावल्या तरी एक युनिटही होत नाही, पाच दिवसांत तीनच्या आसपास. पण हौसेनं ५०० वॅटचे दोन हॅलोजन लावले की तेवढ्याच वेळात दिवसाला सहा युनिट, आणि बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड गरम होतो तो या हॅलोजननं. वेटोळं करून ठेवलेली वायर तर आणखी तापती.

शंकेखोर

पटलं. हात जोडले. पण घरात एमसीबी असते की, तो बोर्डातला आपोआप पडणारा खटका. शॉक बसला की ती पडणार ना?

वायरमन_नांदेड

नाही पडणार. एमसीबी वायर वाचवायला असती, माणूस वाचवायला नाही. ती ६ अँपिअरची, म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेततं. तुमच्यातून जाणारा करंट एमसीबीच्या हिशेबात दिसतच नाही.

माणसासाठी आरसीसीबी. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरची घ्या. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की खटका पाडती. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बारीक बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे, नाही पडला तर ती नुसती भिंतीची शोभा. माझ्या अनुभवात दहातल्या सात घरांत ते बटण बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं. पण एक लक्षात ठेवा. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर आरसीसीबीला काही कळत नाही, तिला तुम्ही बल्बच वाटता.

सगळ्यात मोठी चूक सांगू? "लाइट गेलीय तोवर उरकून घेऊ." लाइट गेली म्हणून माणूस उघड्या जोडाला हात घालतो. एक तर ती कधीही येती. दुसरं म्हणजे आता घरोघरी इन्व्हर्टर आहे. गल्लीत अंधार, पण बाहेरच्या बोर्डात इन्व्हर्टरचे २३० खेळत असतात. माळेचं बटण बंद केलं म्हणजे झालं असंही नाही. दोन पायांची पिन उलटी-सुलटी कशीही बसती, बटण न्यूट्रलवर आलं तर माळ विझलेली दिसती पण फेज तिच्यात असतोच. पिन उपसून हातात घ्यायची, मग माळेला हात लावायचा.

मागच्या बोळातल्या तारा कशा आहेत, चार-पाच बारीक का तीन जाड, चिनी मातीच्या मोठ्या चिमण्यांवर (इन्सुलेटरवर)? फोटो टाका.

परभणीची_लेक

आईनं फोटो पाठवला, तीन तारा आहेत. गच्चीच्या कठड्यापासून फार तर सहा-सात फूट. बाबा मागं अल्युमिनियमच्या पाइपाला हुक बांधून माळ फेकतात. मला आत्ता लिहितानाच घाम फुटला.

वायरमन_नांदेड

ताई, ती ११ केव्हीची लाइन. ११ हजार व्होल्ट. नियमानं इमारतीपासून तिचं आडवं अंतर १.२ मीटर लागतं, तुमच्याकडं ते आहे. पण तो नियम भिंतीसाठी केलाय, हातात दहा फुटी पाइप धरून उभ्या राहिलेल्या माणसासाठी नाही. त्या तारेला टेकायचीही गरज नसती, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारती. आकाशकंदिलाची काठी, ओला बांबू, भिजलेली दोरी, सगळं तेच. मागची बाजू यंदापासून बंद. तिकडं कोण बघणार आहे, मांजरं?

औशाची_सून

वाचते आहे, काका फार छान सांगताय. मी माणूस लावण्याबद्दल बोलते, कारण गेली पाच वर्षं औशाला सासूबाईंच्या घरी मीच ते बघते.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडं दिवाळीच्या तोंडाशी सोयाबीनची काढणी-मळणी चालू असते, कापसाची वेचणी लागलेली असते आणि बीड-धाराशिवकडचे लोक ऊसतोडीला निघायच्या तयारीत असतात. एरवी चौकात उभं राहिलं की चार माणसं मिळतात, त्या पंधरवड्यात एक मिळत नाही. मंडपवाल्यांची पोरं नवरात्रातून मोकळी झाली की दोन-चार दिवस रिकामी असतात. तेव्हाच, म्हणजे दसऱ्यानंतर लगेच, गाठायचं. मी तर दसऱ्याचं सोनं द्यायला जाते तेव्हाच विसार देऊन येते.

दुसरी गोष्ट, हजेरीनं (दिवसाच्या रोजावर) बोलवायचं का गुत्तं (सगळ्या कामाचे ठोक पैसे ठरवून) द्यायचं. हजेरीनं बोलवलं तर दोन तासांचं काम दिवसभर चालतं, मधे तीन चहा. गुत्तं दिलं तर दिवसाचं काम दोन तासांत उरकतं, आणि घाईत माणूस शिडी हलवायचा कंटाळा करतो, तिथूनच वाकून हात लांबवतो. मी दोन्ही करून बघितलं. आता गुत्तंच देते, पण अट घालते की दोघं पाहिजेत, एक वर, एक खाली शिडी धरायला. एकट्याला वर चढू देत नाही. थोडे पैसे वाढतात. आणि काम सकाळी उन्हाच्या आधी, संध्याकाळी अंधारात चाचपडत नाही.

वायरमन का मंडपवाला, तर दोन्ही. टांगायला मंडपवाल्याची पोरं, त्यांना उंचावरची सवय असते. पण बोर्डातून लाइन काढायचं काम वायरमनचं. मंडपवाल्याची पोरं पिनही लावत नाहीत, वायरची दोन टोकं सोलून काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटात अडकवतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माळवद

काड्या! आमच्या गावात तर खांबावर सरळ आकडा टाकतात. सणाला कोण विचारतंय.

वायरमन_नांदेड

विचारतात दादा. वीजचोरी आहे ती, २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५. आणि चोरीचं सोडा, आकड्यावर ना एमसीबी ना आरसीसीबी. आकडा टाकणाराच तारेला चिकटला तर पाडायला खटका कुठला आणणार?

जालन्याचा_मंडपवाला

सगळं वाचलं. काड्या खोचणाऱ्यांत आम्हीही होतो, नाकारत नाही. आता प्रत्येक पोराजवळ पिनांची पिशवी देतो. पण नाण्याची दुसरी बाजूपण मांडू द्या.

गिऱ्हाईक काय करतं? दोन माळांचं ठरतं. पोरं वर चढली की खालून आवाज येतो, "आता चढलाच आहेस तर तो कंदील पण टांग, ती पाण्याची टाकी पण बघ, पिंपळाची फांदी पण छाट." पोरगं लाजेखातर करतं. माझा एक कारागीर असाच न ठरलेल्या कामाला पत्र्यावर गेला, पत्रा फुटला, पाय मोडला. घरमालकानं फोन उचलणं बंद केलं. दवाखान्याचा खर्च मी केला, त्याची तीन महिन्यांची हजेरी मी दिली. सिमेंटच्या पत्र्यावर माणसाचं वजन टाकायचं नसतं, फळी टाकून चालायचं असतं, हे त्यालाही माहीत होतं. पण खालून घाई चालली होती.

तेव्हापासून मी एक करतो. माझ्याकडच्या सगळ्यांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढून ठेवली. वर्षाचे २० रुपये, बँकेच्या खात्यातून आपोआप कापले जातात. वय १८ ते ७० पाहिजे. अपघातात मेला किंवा दोन्ही हात-पाय-डोळे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. मोडलेल्या पायाला त्यातून काही मिळत नाही, हेही खरं. पण माणूस लावताना गुत्तेदाराला नुसतं विचारा, "पोरांचा विमा आहे का?" जो चपापतो तो कसा आहे ते कळतं.

आणि बारक्या पोरांना घेऊन आलेला असेल तर परत पाठवा. दिवाळीच्या सुट्टीत हलकं पोरगं वर चढवायला बरं पडतं म्हणून तेरा-चौदा वर्षांची आणतात. १४ च्या आतल्याला कामाला ठेवणं २०१६ पासून सरसकट गुन्हा आहे, शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात केलेली मदत असे थोडे अपवाद सोडून. कायदा नसता तरी तुमच्या दारात नको.

हिंगोलीकर

पैशांवरून आठवलं. मी दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर जाहिरात बघून एकाला 'घराची संपूर्ण लायटिंग' सांगितली. अर्धे पैसे आधी पाठवले, यूपीआयनं. धनत्रयोदशीला फोन बंद. त्याचा पत्ता म्हणून जो दिला होता तिथं पिठाची गिरणी निघाली. गिरणीवाला म्हणाला, तुम्ही आज चौथे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ना त्याचं खरं नाव माझ्याजवळ ना पावती, तर तक्रार करून करून कुणाची करणार? आता फक्त गल्लीतल्या कुणाकडं ज्यानं काम केलंय त्यालाच बोलावतो. विसार एक-दोनशे, उरलेले माळा पेटल्यावर.

जालन्याचा_मंडपवाला

पेटल्यावर द्या, पण त्याच दिवशी द्या. "भाऊबीजेनंतर या" म्हणू नका. त्याच्या घरीही दिवाळीच असते.

लातूरची_डॉक्टरीण

मी अस्थिरोग विभागात आहे. दिवाळीच्या आधीचा आठवडा आमच्याकडं मनगटांचा असतो. पडताना माणूस हात पुढं करतो, म्हणून मनगट. साफसफाई, जळमटं, माळा, सगळी कारणं एकत्रच येतात. सत्तरीच्या वरची मंडळी पडली तर खुबा मोडतो, आणि ते प्रकरण सहा आठवड्यांवर भागत नाही. त्यामुळं ताई, गेल्या वर्षी तुमच्या बाबांचं थोडक्यात भागलं.

शॉक बसून कुणी चिकटला तर त्याला हातानं ओढू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे ओढतात. आधी मेन स्विच. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर दूर करा. हे घरातल्या वीजेपुरतंच, ११ केव्हीच्या जवळ कुणीच जायचं नाही, १९१२ वर महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. आणि शॉक बसून माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी ईसीजी काढून घ्या.

आईला मेन स्विच कुठं आहे ते विचारा. सहज म्हणून विचारा.

परभणीची_लेक

विचारलं. आई म्हणाली, "धान्याच्या कोठीच्या मागं असेल." असेल!

निवृत्त_पोस्टमास्तर

मी ७४ चा आहे, त्यामुळे तुमच्या बाबांच्या बाजूनं बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

तुम्ही सगळे माणूस कसा लावायचा ते सांगताय. पोरी, अडचण माणसाची नाही. वर्षभर घरात त्यांना कुणी काही करू देत नाही. बँकेचं मोबाइलवर होतं, बिलं तुम्ही पुण्यातून भरता, भाजी दारात येते. राहतं काय? हे एक खोकं. गुंता सोडवायचा, कुठली माळ कुठं ते फक्त त्यांना माहीत. आणि तुम्ही ते पण काढून घेताय, वर म्हणताय की तुमच्या काळजीपोटी.

मला माझ्या सुनेनं निसणी सोडायला लावली ती अशी. तिनं चढणाऱ्या पोरांना सांगितलं, "बाबा सांगतील तसंच करायचं." मी खाली खुर्ची टाकून बसलो. शिडी भिंतीपासून किती लांब ते मोजून मीच लावून घेतली. बारा फूट उंचीला पाया तीन फूट बाहेर, चौथा हिस्सा. कमी ठेवलं तर मागं कलते, जास्त ठेवलं तर सरकते. शहाबादी फरशी सडा टाकून ओली होती, वाळेपर्यंत चढू दिलं नाही. टेस्टर माझ्याच खिशात. पोरं वैतागली, पण मास्तर, पोस्टमास्तर, यांना लोकांना वैताग द्यायची सवय असते. काम संपल्यावर मी फार दमलो होतो, जणू मीच चढलो.

औशाची_सून

काका, दंडवत.

शंकेखोर

+१. या धाग्याचा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

अवांतर: आमच्या आजोबांचा कंदिलात 'झिरोचा बल्ब' असायचा. मोठेपणी कळलं की झिरोचा बल्बही १५ वॅट खातो. तरी पतंगी कागदाच्या कंदिलात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून कागद करपवणारे काका आम्ही पाहिलेत. आता ५-७ वॅटचा एलईडी लावला की प्रश्न मिटला. जुन्या कंदिलांचा तो करपल्याचा वास मात्र गेला.

माळवद

मी परत सांगतो, पणत्या. पण पोस्टमास्तर काकांचं पटलं.

परभणीची_लेक

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. सगळा नाही, खुर्चीपासूनचा. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खुर्ची नाही, मी उभाच राहीन."

...

परभणीची_लेक

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना! उशिरा लिहिते आहे, घरात पाहुणे आहेत. काय झालं ते सांगायलाच हवं.

गल्लीतल्या तिघांकडं ज्यानं काम केलं होतं त्या वायरमनला आईनं गाठलं. आयटीआयचा वायरमन, दोन वर्षांचा कोर्स केलेला, नोंदणीचं कार्डही दाखवलं त्यानं, न मागता. त्यानं मंडपवाल्याची दोन पोरं आणली. बाबांनी आल्या आल्या दोघांची वयं विचारली, शाळा विचारली, एकाला सतराचा पाढा म्हणायला लावला. एकोणीस आणि बावीस वर्षांची निघाली. विम्याचं विचारलं तर वायरमनचा होता, पोरांचा नव्हता. बाबा म्हणाले, काम झाल्यावर तुम्हाला बँकेत घेऊन जातो. पुढच्या सोमवारी खरंच घेऊन जाणार आहेत म्हणे.

आता खरी गोष्ट. वायरमननं आधी टेस्टर घेऊन फाटकाला लावला. पेटला. माळ अजून एकही लागलेली नव्हती! फाटकावरच्या खांबातल्या दिव्याची जुनी वायर आतून सोललेली होती आणि पावसात ओल आली की जाळीत करंट उतरत होता. आई म्हणाली, "म्हणून मला पावसाळ्यात कडी लावताना मुंग्या यायच्या. मला वाटलं, शुगरच्या." आम्हा सगळ्यांनाच ते वाटलं होतं. तिला डॉक्टरांकडंही दाखवलं होतं. आरसीसीबी घरात होतीच, पण 'टी' दाबलं तर काही झालं नाही. शोभेचीच होती, वायरमन काका, तुम्ही म्हणालात तशी. नवी बसवली. अर्थिंगच्या खड्ड्यात बाबांनी दोन बादल्या पाणी ओतलं, आपली काळी माती सुकली की भेगा पडतात आणि अर्थिंग बिघडतं असं वायरमन म्हणाला.

माळा सगळ्या नव्या. फाटकावर २४ व्होल्टची, अडॅप्टरवाली. मागची बाजू अंधारी. जुन्या माळांचं खोकं बाबांनी टाकू दिलं नाही, ते परत माळ्यावर गेलं, पण पिना मी कात्रीनं कापून टाकल्या. निसणी शेजारच्या काकांना देऊन टाकली, त्यांच्याकडं रंगकाम चाललंय. बाबा सकाळी आठपासून साडेदहापर्यंत उभे होते, खुर्चीवर बसले नाहीत. संध्याकाळी माळा पेटल्या तेव्हा वरच्या मजल्यावरची एक माळ बंद होती. पोरं गेलेली. सगळ्यांनी बाबांकडं बघितलं. बाबा म्हणाले, "राहू द्या. उद्या येतील ती."

मेन स्विच कोठीच्या मागंच होता. कोठी सरकवली आहे.

लातूरची_डॉक्टरीण

मुंग्यांचं वाचून अंगावर काटा आला. आईंची शुगर तरीही तपासून घ्या.

वायरमन_नांदेड

जीव भांड्यात पडला ताई. फाटकाची ती जुनी वायर नुसती टेप मारून सोडली नाही ना? पूर्ण बदलायला पाहिजे, पाइपातून.

परभणीची_लेक

बदलली काका, पाइपासकट. आयएसआय चिन्हाची वायर होती, बाबांनी चष्मा लावून वाचून घेतलं.

औशाची_सून

छान झालं. जगात जर्मनी, भारतात परभणी! एक राहिलंच विचारायचं. माळा उतरवायचंही गुत्त्यात धरलं होतं ना? मी पहिल्या वर्षी विसरले होते, तुळशीच्या लग्नानंतर कुणी यायला तयार नव्हतं.

परभणीची_लेक

नाही धरलं. मी आता पुण्यात परतलेय. थांबा, आईला विचारते.

परभणीची_लेक

आईला आत्ता फोन केला. बाबा घरात नाहीत. शेजारी निसणी मागायला गेलेत.